चारशे सतरा नंबरची चिठ्ठी

हॅझलडीन, डरहॅम परगणा
शुक्रवार, १९ मे १९९५

तीर्थरूप विनीआजीला लोर्नाचा नमस्कार.

आपण मत कुणाला दिलं, हे माणसानं घरच्यांना सांगावं की सांगू नये? मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही. मी तीन वर्षं विद्यापीठात राज्यशास्त्र शिकले. आपल्या घराण्यात पदवीचा झगा घालणारी मी पहिली (तो फोटो आईनं टीव्हीवर ठेवलाय आणि बातम्या लागल्या की माझं डोकं पंतप्रधानांच्या वर येतं). तरी उत्तर येत नाही. ते फक्त तुलाच येत असणार, कारण आमच्या ओळखीत याची किंमत मोजलेली तू एकटीच आहेस.

पण आधी तुझी चौकशी. गुडघा कसा आहे? समुद्राची हवा त्याला मानवते की नुसतीच थंडी? आईनं नाताळच्या कार्डाबरोबर चोरून पाठवलेली लोकरीची शाल पोचली असेलच. तुझ्या यजमानांच्या, स्टॅन्लीआजोबांच्या, जाण्याला परवा दोन वर्षं झाली. त्या दिवशी आई आणि मी स्वयंपाकघरात त्यांची आठवण काढली, हलक्या आवाजात, कारण आजोबा बागेत होते. तुझा भाऊ ऐंशी वर्षांचा झाला तरी त्याचे कान शाबूत आहेत. हे पत्र हातात पडलं की शांतपणे खुर्चीत बस, चष्मा शोध, चहा ओत आणि सावकाश वाच. घाई कसलीच नाही.

तुला ठाऊकच आहे की आमच्याकडे मजूर पक्ष हा पक्ष नाही, घरातला एक माणूस आहे. थोडा आजारी, थोडा हेकट, पण त्याच्यासाठी ताट वाढून ठेवायचंच. आजोबा एकवीस वर्षं शाखेचे अध्यक्ष आहेत आणि मी गेल्या वर्षापासून सचिव. पक्षाच्या सभासद-कार्डाच्या मागे चौथं कलम छापलेलं असायचं, ते तू विसरली नसशील: कष्टकऱ्यांना त्यांच्या कष्टांचं पुरं फळ मिळावं म्हणून उत्पादनाची साधनं सगळ्यांच्या मालकीची व्हावीत, असं काहीसं, एका दमात न संपणारं एकच वाक्य. एकोणीसशे अठरा सालचं. मी सात वर्षांची असताना ते मला पाढ्यासारखं पाठ होतं, कारण दर एक जानेवारीला नाश्त्याआधी आजोबा ते उभं राहून म्हणायला लावत. सत्तेचाळीस सालच्या एक जानेवारीला खाणी देशाच्या झाल्या आणि आमच्या खाणीच्या फाटकावर तसा फलक लागला, म्हणून. (मी शाळेत सांगितलं होतं की आमच्याकडे नववर्षाला प्रार्थना असते. बाईंनी विचारलं, कुठल्या चर्चची?)

तर यंदा आपल्या नव्या तरुण नेत्यांनी ठरवलं की हे कलम बदलायचं. चार निवडणुका ओळीनं हरलो, लोक म्हणतात यांना आमची दुकानं काढून घ्यायची आहेत, म्हणून नवं कलम आणायचं. आणि मला ते पटलं, विनीआजी. अगदी मनापासून. सत्तेवर आल्याशिवाय शाळा सुधारत नाहीत, दवाखान्यातल्या रांगा कमी होत नाहीत, आणि जे आपण कधीच करणार नाही ते करू असं कार्डावर छापणं खोटेपणाचं आहे, असं मी शाखेत उभी राहून सांगितलं. आजोबांनी अध्यक्षाच्या खुर्चीतून कवळी काढली. (ते संतापले की बोलण्याआधी कवळी काढून रुमालावर ठेवतात. ती एकोणपन्नास साली नव्या आरोग्यसेवेत फुकट मिळालेली. पुढे दातांना पैसे लावले तेही आपल्याच पक्षाच्या सरकारनं, म्हणून त्यांनी दुसरी केली नाही.) म्हणाले, "सचिवबाई, खुशाल दारोदार जा. लोकांना समजावा. पण शाखेत चिठ्ठ्या टाकून ठरेल, गुप्त मतदानानं, नियमाप्रमाणे." आणि कवळी परत बसवली. घरी चहाच्या वेळी मात्र माझ्या बशीत मोठा केकचा तुकडा ठेवला. घर वेगळं, शाखा वेगळी, असं त्यांचं असतं.

सहा आठवडे मी पायऱ्या झिजवल्या. पहिल्याच दिवशी नॉर्मन ट्युलिपकडे गेले. तो शर्यतीची कबुतरं पाळतो. त्यानं मला खुराड्यापाशी उभं केलं आणि बोट ओठांवर ठेवलं. सरावाला सोडलेलं कबूतर यॉर्कहून परत आलं होतं आणि छपरावर बसून माझ्या लाल कोटाकडे बघत होतं. खाली उतरेना. मी हलले की ते आणखी दोन पावलं वर सरके. "हलू नकोस गं पोरी," नॉर्मन दातांतल्या दातांत म्हणाला, "निवडणुका हरायची सवय आहे आपल्याला, पण हे कबूतर मी हरणार नाही." चाळीस मिनिटं मी विसाव्या शतकातल्या समाजवादाचं भवितव्य हातात धरून खांबासारखी उभी होते. शेवटी कबूतर उतरलं. नॉर्मननं घड्याळात वेळ ठोकली आणि म्हणाला, "बोल आता. पण मी आधीच सांगतो, तुझ्या आजोबाच्या बाजूनं आहे." तिसऱ्या गल्लीत एका बाईंनी मला नगरपालिकेची समजून गळकी पन्हळ दाखवली. मी ते लिहून घेतलं. (दुरुस्त झाली. सहा आठवड्यांत माझ्या हातून झालेलं एवढंच राष्ट्रीय काम.) बेला स्टोको, आमची खजिनदार, तिनं चौऱ्याऐंशीच्या संपात वर्षभर खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमध्ये चारशे लोकांना जेवू घातलं आणि मला बाराव्या वर्षी बटाटे सोलायला शिकवलं. ती नवं कलम दोनदा वाचून म्हणाली, "सगळं आहे गं यात. उद्योग आहे, भागीदारी आहे, हवापाणी आहे. वाढदिवसाच्या कार्डासारखं आहे. कुणाचं काही काढून घेत नाही आणि कुणाला काही देत नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "मत देईन मी त्यालाच. जिंकायचंय मला मरायच्या आधी."

मतदान मार्चच्या सभेत झालं. एकतीस जण आले. पडद्यामागे टेबल, टेबलावर दोरीनं बांधलेली पेन्सिल. माझी पाळी आली. मी पेन्सिल उचलली आणि, विनीआजी, मला नवं कलम आठवेना. चाळीस दारांत मी ते वाचून दाखवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. आणि जुनं, ते न संपणारं वाक्य, नाश्त्याच्या वासासकट आपोआप तोंडात आलं. वाटलं, जे मला स्वतःला पाठ होत नाही, ते मी नॉर्मनच्या नातवंडांना कुठल्या तोंडानं देऊ? मी जुन्यापुढे फुली मारली, चिठ्ठी घडी केली आणि बाहेर येऊन माझ्या बाजूच्या लोकांकडे बघून हसले.

मोजणीला हॉलच्या स्वयंपाकघरात बेला आणि मी. एक गठ्ठा नव्याचा, एक जुन्याचा, आणि मग एक चिठ्ठी निघाली तिच्यावर फुली होती आणि खाली नीट अक्षरात आकडा: तीनशे आठ. पुढे आणखी एक, पाचशे बासष्ट. अशा सहा. मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली. बेलानं चष्मा वर केला आणि म्हणाली, "अगं बाई. म्हाताऱ्यांनी टब भरलेत."

तुला सांगायला नको, पण तू खाणीच्या गावातून जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली म्हणून सांगते. कोळसा फोडणारा माणूस टब, म्हणजे रुळावरची कोळशाची गाडी, भरला की आत आपल्या नंबरचं पितळी टोकन अडकवायचा. वर वजनकाट्यावर ते बघून वजन त्याच्या नावावर चढायचं. टोकन नाही तर दिवसभराचे कष्ट कुणाचेच नाहीत. आणि टबात कोळशाऐवजी दगड जास्त निघाला तर तोही त्याच टोकनावर, वजन बाद. ज्यांनी आयुष्यभर हे केलं, त्यांच्या हातात पेन्सिल देऊन काहीतरी भरून पाठवा म्हटल्यावर त्यांनी नंबर टाकला. आपण केलेलं काम बेवारशी कसं सोडायचं?

पण नियमात लिहिलंय: ओळख पटेल अशी खूण असलेली चिठ्ठी बाद. मी मोजलं. सहा बाद केल्या तर नवं कलम चौदा, जुनं अकरा. सहा धरल्या तर नवं पंधरा, जुनं सोळा. सहापैकी पाच जुन्याच्या बाजूनं होत्या. बेलानं पर्स उघडली. "माझ्याकडे रबर आहे," ती म्हणाली. (लक्षात घे, ती स्वतः नव्याच्या बाजूची. रबर फिरवला असता तर ती हरली असती. पण तिला म्हाताऱ्यांचे टब फेकवेनात.) मी म्हटलं, नको. मी पदवीधर आहे म्हणून नाही, पण गुप्त मतदान म्हणजे गुप्त मतदान. मग मी सहावी चिठ्ठी पुन्हा नीट बघितली. नव्या कलमापुढे फुली. खाली नंबर चारशे सतरा.

चारशे सतराचं टोकन आमच्या घरी किल्ल्यांच्या खुंटीला आहे. मला दात येत होते तेव्हा मी ते चघळायची. आजोबांचं.

मी बाहेर गेले आणि अध्यक्षांना म्हटलं की सहा चिठ्ठ्यांवर नंबर आहेत. निकाल काय लागतोय ते सांगितलं नाही. आजोबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नियम काय म्हणतो, सचिव?" "बाद, अध्यक्ष." "मग बाद." हॉलमध्ये जो काही आरडाओरडा झाला! नॉर्मन ट्युलिप उठून म्हणाला, "एकेचाळीस वर्षांत माझा टब कुणी परत पाठवला नाही. आणि आता ही काल कॉलेजातून आलेली पोरगी?" आजोबांनी टेबलावर लाकडी ठोकळा आपटला. "खाली बस, नॉर्मन. पोरीनं नाही, नियमानं पाठवला. आणि माझंही मत त्याच टोपलीत गेलं असेल तर तुला काय माहीत?" सगळे हसले, त्यांना वाटलं गंमत केली. नवं कलम चौदा विरुद्ध अकरानं जिंकलं. मी नियम पाळला आणि हरले, आणि हरल्याबद्दल सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मग मतदारसंघाच्या सभेत शाखेच्या ठरावाप्रमाणे मी नव्या कलमासाठी हात वर केला. एप्रिलअखेर लंडनच्या परिषदेत ते कलम बदललंच. आमच्या चौदा मतांवाचून काही अडलं नसतं, हेही मला कळतं.

पण मला झोप लागेना. आजोबांचं गुपित मला माहीत, माझं त्यांना नाही. एकाच टेबलावर लापशी खाणारे आम्ही दोन खोटारडे. सांगून टाकावं असं दर सकाळी वाटायचं आणि दर सकाळी माझी नजर भिंतीकडच्या त्या खुर्चीवर जायची, जी आम्ही अजून तुझी म्हणतो. एकावन्न सालच्या नाताळची गोष्ट मला आईनं इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथे होते असं वाटतं. तू काटा खाली ठेवून म्हणालीस, "कथबर्ट, मी ऑक्टोबरात हुजूर पक्षाला मत दिलं. युद्ध संपून सहा वर्षं झाली, मला रेशनशिवाय बेकन हवंय आणि मला ते सांगायची लाज वाटत नाही." आजोबा उठून बागेत गेले ते तुझी बस जाईपर्यंत आले नाहीत. त्या दिवसापासून आमच्याकडे नाताळला बेकन होत नाही. तू एकदा खरं बोललीस आणि भाऊ गेला. मी खरं बोलले तर? आईला सोडलं तर मला तेच एक माणूस आहे, आणि त्यांना मी.

मेच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून झालं. आजोबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काही दुरुस्ती?" मी उभी राहिले. म्हटलं, "अध्यक्ष, एक भर. सचिवांनी सहा आठवडे नव्या कलमाचा प्रचार केला आणि मत जुन्याला दिलं. माझ्या नावासकट लिहावं." मग नॉर्मन म्हणाला, "आयला." बेलानं किटली खाली ठेवली. आजोबांनी नियमांची वही उघडली आणि मिटली. "नियमात बसत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "लिहा." मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली आणि पुढचा विषय घेतला: हॉलच्या छपराची गळती.

घरी येताना ते बोलले नाहीत. शनिवारी नाहीत. रविवारी सकाळी ते मागे लीकच्या भाजीचे वाफे खणत होते (यंदा प्रदर्शनात नॉर्मनला हरवायचंच असा पण आहे), मी चहा घेऊन गेले. मनात म्हटलं, झालं, आता चव्वेचाळीस वर्षं. आजोबांनी फावडं जमिनीत रोवलं. "सहाव्या चिठ्ठीवर कुठला नंबर होता?"

"गुप्त आहे, आजोबा."

"चारशे सतरा होता. पांघरूण घालू नकोस."

"सवयीनं टाकलात तुम्ही. सगळ्यांसारखा."

"त्या पाचांनी सवयीनं टाकला. मी नाही." त्यांनी चहा घेतला. "मी त्या कलमावर आयुष्य काढलं, पोरी. सत्तेचाळीस साली फाटकावर फलक लागला तेव्हा मी रडलो होतो, तुझ्या आजीला विचार, म्हणजे, असती तर. पण साठच्या दशकात आपल्याच सरकारनं खाणीमागून खाण बंद केली तेव्हाही ते कार्डावर होतंच. आपली गेली तेव्हाही होतं. नुसतं छापून काही राहत नाही. हे मला हॉलमध्ये म्हणवेना. ते पाच म्हातारे माझ्या तोंडाकडे बघतात. म्हणून चिठ्ठीत म्हटलं. आणि नंबर टाकला, की उद्या यात दगड निघाला तर तो माझ्याच नावावर लागावा, दुसऱ्या कुणाच्या नको."

मी म्हटलं, "तुम्हीच ती बाद केलीत."

"नियम आहे," ते म्हणाले. आणि मग, जमिनीकडे बघत, विनीआजी, मी हे शब्दाला शब्द लिहिते आहे: "एकावन्न साली विनीनं टोकन लावलं होतं. सगळ्यांसमोर. मला राग मताचा नव्हता आला. मी तिच्यासारखा कधी बोललो नसतो, त्याचा आला." मग फावडं उचललं आणि म्हणाले, लीकला पाणी कमी पडतंय.

एवढंच सांगायचं होतं. प्रश्नाचं उत्तर मला अजून आलेलं नाही. सांगितलं तर माणूस जातो, नाही सांगितलं तर आपण जातो, असं काहीतरी आहे, पण ते निबंधात लिहिण्यासारखं वाटतं आणि मी निबंध सोडले आहेत. आईचा नमस्कार. मांजराला थोपट. गुडघ्याला जप.

तुझी
लोर्ना

ता. क. मी वर बेकनबद्दल लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. बेकनचा विषय तू होऊन काढू नकोस. दुसरं कुणी काढलं तर मात्र मनापासून आभार मान आणि किती आहे ते विचारू नकोस. दोन किलो आहे. कसायाकडे आजोबा स्वतः गेले होते आणि मला दुकानाबाहेर उभं केलं.

ता. क. दुसरा. (शनिवार, बसस्थानकावरून, गुडघ्यावर कागद ठेवून.) या पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या आधीच लक्षात आलं असेल. हे पत्र टपालानं आलेलं नाही. ज्यानं ते दारात तुझ्या हातात दिलं, तो म्हातारा माझ्या समोर बसमध्ये खिडकीशी बसला आहे, नव्या टोपीत, मांडीवर पुडकं धरून. पत्रात काय आहे ते त्याला ठाऊक नाही; त्याला वाटतं आईनं स्वेटरचं माप विचारलंय. आधी पत्र वाचून मगच आत घ्यायचं की नाही ते तू ठरवशील, म्हणून मी ते त्याच्या हाती देते आहे. तो म्हणाला, ती वाचेपर्यंत मी पायरीवर थांबेन, तिचा हक्क आहे.

तेव्हा मी वर सावकाश वाच म्हटलं ते मागे घेते. पत्र फार लांबलं. त्याचाही एक गुडघा दुखतो, पण सांगायचा नाही. दार उघड.

नाही उघडलंस तरी चालेल असं लिहिणार होते. चालणार नाही. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलंय, परतीची बस मंगळवारशिवाय नाही, आणि मी त्याचं तिकीट एकेरी काढलं आहे.